सूज उतरवणारी कॅप्सूल घेण्याआधी: पिशवी, लेबल आणि तारीख

औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहिलं की एक क्रम रोज उलटा चाललेला दिसतो. माणूस गुडघ्यावर हात ठेवत पायरी चढतो, मोबाईल पुढे करतो आणि विचारतो, "हे आहे का?" पडद्यावर हळदीच्या अर्काची नाहीतर माशाच्या तेलाची बाटली असते. म्हणजे बाटली आधीच ठरलेली. दुखणं कशाचं हे नंतर, चालू गोळ्यांशी जमतं का हे त्याहून नंतर, आणि डॉक्टरांना सांगणं तर कधीच नाही. कारण "नैसर्गिक आहे हो, त्यात काय सांगायचं?"

हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणती बाटली घ्या हे इथे मिळणार नाही. घ्यायची की नाही हे कसं ठरवायचं, तेवढंच सांगतो. पायऱ्या मागेपुढे करू नका. पहिल्या दोन नीट केल्या तर बऱ्याच जणांना तिसरीपर्यंत यायचीही गरज पडत नाही.

## तयारी: एक वही, एक पिशवी

वही शाळेची चालेल. पहिल्या पानावर वय, वजन, झालेली ऑपरेशनं, कसली ॲलर्जी आहे का, आणि कधी कावीळ झाली होती का, हे लिहा. गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट तिथेच खोचून ठेवा.

कापडी पिशवीत घरात चालू असलेलं सगळं टाका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथीच्या पुड्या, शेजारणीने दिलेलं चूर्ण, जिममधल्या पोराने आणलेला डबा, आठवड्यातून एकदा घ्यायची व्हिटॅमिन डीची गोळी, सगळंच. "ते काय औषध नाही" असं वाटून जे पिशवीबाहेर राहतं, गडबड नेमकी त्यातच निघते.

## १. दुखणं कशाचं, ते आधी कळू द्या

"अंगात सूज आहे" हे निदान नव्हे. गुडघ्याची झीज, आमवात, युरिक ॲसिडचा गाऊट, चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी आणि सांध्यातला जंतुसंसर्ग या पाच गोष्टी वेगळ्या आहेत आणि पाचांचे उपचारही वेगळे. कॅप्सूलच्या जाहिरातीत मात्र पाचही एकाच चित्रात बसवलेल्या असतात, लाल झालेला गुडघा दाखवून.

घरी एवढं तपासा. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात, ते घड्याळ लावून बघा. झिजेच्या गुडघेदुखीत साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळं वाटतं. त्याहून जास्त वेळ लागत असेल, आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले असतील, तर आमवाताची शंका घ्यावी लागते. तिथे उशीर झाला की सांधे कायमचे वाकडे होतात. सप्लिमेंटवर घालवलेले तीन महिने तिथे फार महाग पडतात.

इशारा: एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच्या आज दवाखाना गाठा.

सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्ताच्या तपासणीतला आकडा, त्याबद्दल एक गोष्ट. "माझा सीआरपी वाढलाय, त्यावर काहीतरी द्या" असं म्हणणारे हल्ली वाढलेत. हा आकडा साध्या सर्दी-खोकल्यानेही वाढतो, दाढ सुजली तरी वाढतो, लठ्ठपणातही थोडा वर असतो. शरीरात कुठेतरी काहीतरी चाललंय, एवढंच तो सांगतो. कुठे ते सांगत नाही. गोळी घेऊन आकडा खाली आणला म्हणजे कारण गेलं असं नाही.

## २. पिशवी रिकामी करा

आता ती पिशवी डॉक्टरांच्या किंवा फार्मासिस्टच्या टेबलावर उलटी करा. तोंडी यादी सांगू नका, माणूस विसरतो. पुढचे प्रश्न स्वतः विचारा, समोरचा विचारेल याची वाट पाहू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? वॉरफेरिन असेल तर हळदीचा अर्क, ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठी विकलं जाणारं सप्लिमेंट), जास्त मात्रेतलं माशाचं तेल यांतलं काहीही डॉक्टरांना न विचारता सुरू करायचं नाही. ग्लुकोसामाइनने आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) वाढल्याच्या नोंदी आहेत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवाल्यांनीही आधी विचारायचं.

कॅप्सूलमध्ये पिपरिन आहे का? लेबलवर मिऱ्याचा अर्क असं लिहिलेलं असतं. यावर लोकांचा गैरसमज मोठा आहे. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत (हळदीतलं मुख्य द्रव्य) २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. हा आकडा आज अर्ध्या बाटल्यांच्या पुठ्ठ्यावर छापलेला असतो. पुठ्ठा हे सांगत नाही की पिपरिन फक्त हळदीलाच दार उघडून देत नाही. फेनिटॉइन (फिटची गोळी), प्रोप्रॅनोलॉल (बीपीची), थिओफिलिन (दम्याची) यांचंही रक्तातलं प्रमाण ते वाढवू शकतं. फिटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे "जरा जास्त गुणकारी" नसतं, विषबाधेच्या दिशेने असतं.

गुग्गुळ चालू आहे का? त्याची खोड उलटी: डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉलचं शोषण तो कमी करतो असं दिसलंय. म्हणजे बीपीची गोळी पोटात जाते आणि पुरती लागू पडत नाही.

थायरॉइडची गोळी? सांध्यांच्या पुष्कळ गोळ्यांत कॅल्शियम घातलेलं असतं. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. घरोघरी सकाळी दोन्ही एकाच घोटात जातात.

मेथोट्रेक्सेट (आमवाताची गोळी), टीबीची औषधं, किंवा यकृताचा जुना त्रास? मग हळद, अश्वगंधा, गुळवेल, ग्रीन टी यांचे अर्क दूरच ठेवा. उद्या यकृताचा रिपोर्ट बिघडला तर दोषी कोण, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही, आणि शिक्षा बहुधा गरजेच्या औषधाला होईल: तेच बंद करावं लागेल.

मुतखडा होत असेल तर हळदीच्या कॅप्सूलबद्दल दोनदा विचार करा, हळदीत ऑक्सलेट बरंच असतं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर ग्लुकोसामाइन कशापासून काढलंय ते वाचा. बहुतेक वेळा कवचापासूनच असतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी अर्काच्या वाटेला जाऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. साधारण दोन आठवडे आधी हे सगळं थांबवायला सांगतात.

तपासा: इथे एकाही प्रश्नाचं उत्तर "हो" आलं आणि डॉक्टरांशी बोलणं झालेलं नसेल, तर पुढची पायरी नाही.

## ३. बाटली कोणत्या खात्यातली?

एकाच फळीवर शेजारीशेजारी ठेवलेल्या तीन बाटल्या तीन वेगळ्या नियमांखाली असतात. एकीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. ती कायद्याने खाद्यपदार्थ आहे, औषध नाही. नियमांनुसार तिच्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' असं लिहावं लागतं, आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' हेही. गंमत बघा, पुढच्या बाजूला धावणारा गुडघा आणि मागे बारीक अक्षरात 'औषध म्हणून वापरू नये'.

दुसरीवर आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. ती औषध आहे, आणि म्हणूनच वैद्यांना विचारून घ्यायची, मनाने नाही. तिसरा प्रकार २०२२ च्या नियमांनी आलेला आयुर्वेद आहार. तो पुन्हा अन्नाच्याच बाजूचा.

एफएसएसएआयचा क्रमांक त्यांच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर टाकून बघा. परवाना चालू आहे का आणि कंपनीचं नाव जुळतं का, दोन मिनिटांत कळतं. क्रमांक खरा निघाला म्हणजे माल गुणकारी आहे असं समजू नका. तो फक्त सांगतो की कारखाना कागदावर आहे.

बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता यांतलं काही नसेल तर बाटली परत फळीवर. 'आमवात मुळापासून बरा' असं छापलं असेल तरीही परत. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आवरण्यासाठी १९५४ चा कायदा आहे. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे त्या यादीत सांधेवातही आहे, मधुमेहही आहे.

## ४. मागची बाजू वाचा आणि हिशोब मांडा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून सावकाश करू. मोबाईलच्या कॅमेऱ्याने लेबलचा फोटो काढा आणि मोठा करून वाचा.

माशाच्या तेलाची नेहमीची बाटली घ्या. पुढे ठळक '१००० मिलिग्रॅम'. मागे बघा: ईपीए १८०, डीएचए १२०, हे ओमेगा-३चे दोन प्रकार. कामाचा माल एवढाच, ३०० मिलिग्रॅम. उरलेलं ७०० साधं तेल. आमवातावरच्या ज्या चाचण्यांत फरक दिसला, त्यांत ईपीए-डीएचए मिळून दिवसाला सुमारे ३ ग्रॅम दिलं होतं. म्हणजे या बाटलीतल्या दहा कॅप्सुली, रोज. हे गणित मांडलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतो की जणू बाटली मीच भरली. आणि दहा घ्या असं मी म्हणत नाहीये. जास्त मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचा. पण रोज एक कॅप्सूल घेऊन "सूज उतरतेय" असं कुणी म्हणत असेल, तर ती दुसऱ्याच कशाने उतरतेय. (जवसात ओमेगा-३ असतं हे खरं, पण ते वेगळ्या रूपात, आणि शरीर त्यातलं फार थोडं ईपीए-डीएचएमध्ये बदलतं. चटणी खा, चांगली लागते. औषध म्हणून हिशोबात धरू नका.)

आता हळद. "रोज तर खातो आपण" हा युक्तिवाद मी रोज ऐकतो. स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चहाचा एक सपाट चमचा हळद म्हणजे ३ ग्रॅमच्या आसपास, त्यात कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम. आणि चौघांच्या भाजीला एवढीही पडत नाही. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम, म्हणजे पाच चमचे. सकाळ-संध्याकाळ एकेक धरली तर दहा चमचे, वर शोषण वाढवायला पिपरिन. हे फोडणीतल्या चिमटीचं मोठं भावंड नाही, वेगळाच पदार्थ आहे. खाद्यपदार्थांतल्या कर्क्युमिनची जी रोजची मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने मानली आहे, ती वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १८० होतात. सांध्यांवरच्या चाचण्यांत याहून कितीतरी जास्त देतात, पण तिथे रक्त तपासायला कुणीतरी बसलेलं असतं.

इशारा: लेबलवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिलिग्रॅम' लिहून पुढे बारा वनस्पतींची नावं असतील आणि प्रत्येकीची मात्रा नसेल, तर हिशोबच होत नाही. जे मोजता येत नाही ते घेऊ नका.

## ५. "सिद्ध झालंय" म्हणजे काय झालंय?

इथे एकच चाचणी लक्षात ठेवली तरी पुरे. अमेरिकेत १५८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवर ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची मोठी चाचणी झाली, निकाल २००६ मध्ये आला. चोवीस आठवड्यांनी दुखणं निदान पाचव्या हिश्श्याने कमी झालेले लोक मोजले. दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत असे ६६.६ टक्के निघाले. नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत? ६०.१ टक्के. सगळे रुग्ण एकत्र धरता हा फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही.

म्हणजे "माझ्या मेव्हण्याला फरक पडला" हे खोटं नसतं. मेव्हण्याला फरक पडलेला असतो. गुडघ्याची झीज मुळात चढ-उताराची, माणूस बाटली आणतो ती दुखणं ऐन भरात असताना, आणि त्यानंतर ते उतरणारच असतं. श्रेय बाटली घेते. म्हणून जाहिरातीतल्या आकड्याला एकच प्रश्न विचारा: खोटी गोळी घेणाऱ्यांत किती? तो आकडा दिलेला नसेल तर पहिल्या आकड्याला किंमत नाही. चाचणी याच उत्पादनावर, याच मात्रेत झाली का, हा दुसरा प्रश्न. उंदरावर झालेली असेल तर उंदराला द्या.

## ६. दोन दिवसांत उतरली? मग जास्त घाबरा

ही पायरी बाटलीवाल्यांसाठी कमी आणि पुडीवाल्यांसाठी जास्त आहे, पण सगळ्यांनी वाचा.

माझ्या आत्याने बाजारच्या दिवशी येणाऱ्या एकाकडून बिनलेबलची पुडी आणली होती. तिसऱ्या दिवशी ती जिना चढली. घरात सगळे खूश. दोन महिन्यांनी भेटलो तेव्हा मी आधी तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिलो. गाल भरलेले, चेहरा गोल, भूक दांडगी.

"आत्या, पुडी रोज घेतेस?"

"रोज कसली रे, दोनदा घेते. एक दिवस चुकली की अंथरुणातून उठवत नाही."

साखर तपासली तर उपाशीपोटी दोनशेच्या पुढे, आणि तिला मधुमेह कधीच नव्हता. डॉक्टरांनी पुडी न बघताच सांगितलं: स्टेरॉइड.

हा प्रकार फक्त आठवडी बाजारातला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये 'आर्ट्री किंग' नावाच्या सांधेदुखीच्या सप्लिमेंटबद्दल इशारा दिला. लेबलवर वनस्पती होत्या, आत न सांगितलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं.

खरं वनस्पतिजन्य सप्लिमेंट लागू पडलंच तर काही आठवड्यांनी, थोडंथोडं लागू पडतं. दोन दिवसांत चमत्कार, वाढलेली भूक, गोल होत जाणारा चेहरा, वाढलेली साखर किंवा बीपी, आणि एक मात्रा चुकताच दुप्पट दुखणं, ही भेसळीची खूण आहे.

इशारा: अशी शंका आली तर पुडी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि ते अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो. उरलेली पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ती हळूहळू कमी करायची असते. आत्याची पार उतरवायला काही महिने गेले.

## ७. सुरू करायचंच असेल तर असं

इथवर सगळं पार पडलं आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर:

सुरू करण्याआधी एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या. पैसे वाचवायचे तर बाटलीवर वाचवा, या तपासणीवर नको. पुढे काही झालं तर आधीचा आकडा हातात असणं फार मोलाचं ठरतं.

एका वेळी एकच. हळद, माशाचं तेल आणि ग्लुकोसामाइन एकाच सोमवारी सुरू केलं तर गुण कुणाचा आणि खाज कुणाची, हे कधीच कळणार नाही. सुरू केल्यावर निदान आठ आठवडे दुसरं काही नवं नाही. नवी मालिशसुद्धा नाही.

वहीत सुरू केल्याची तारीख लिहा आणि त्याच वेळी थांबवायची तारीखही लिहा, बारा आठवड्यांनंतरची. बहुतेक लोक सुरू करतात ते बेमुदत. बाटली संपली की दुसरी येते, तीन वर्षं जातात, आणि का घेतो ते कुणाला आठवत नाही.

दर रविवारी एकाच वेळी तीन ओळी: दुखणं शून्य ते दहात किती, जिना चढताना कठडा धरावा लागला का, आठवड्यात दुखण्याची गोळी किती वेळा घेतली. तिसरी ओळ सगळ्यात खरं बोलते. आकडा सातचा पाच झाला पण दुखण्याच्या गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर फरक पडला तो मनात.

चालू औषध यासाठी कमी करायचं नाही. आमवाताची गोळी "आता हळद घेतेय ना" म्हणून सोडलेल्या बायका मी बघितल्यात. सहा महिन्यांनी त्यांच्या बोटांकडे बघवत नाही.

## ८. थांबवायचं कधी

तारीख आली, वही उघडली, फरक नाही: थांबवा. फरक आहे: तरीही चार आठवडे थांबवून बघा. दुखणं तसंच कमी राहिलं तर बाटलीची गरज नव्हती.

पण काही खुणा दिसल्या तर तारखेची वाट बघायची नाही. लघवी गडद चहासारखी, अंगभर खाज, अन्नावरची वासना गेलेली, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळ्यांत पिवळेपणा यांतलं एकही दिसलं की त्याच दिवशी बंद आणि यकृताच्या तपासण्या. हळदीच्या कॅप्सूलने यकृत बिघडतं ते पहिल्या दिवशी नाही, बहुधा एक ते चार महिन्यांनी, म्हणून लोकांना दोहोंचा संबंधच लागत नाही. अमेरिकेतल्या एका संशोधन जाळ्याने असे दहा रुग्ण नोंदवले: पाच दवाखान्यात दाखल झाले, एक दगावला, आणि दहातल्या सातांमध्ये एकच विशिष्ट जनुक सापडला. तो आपल्यात आहे का, हे बाहेरून कळत नाही. आपल्याकडेही २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं; त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि वाद झाला. वाद तज्ज्ञांना घालू द्या. आपण लघवीचा रंग बघावा.

काळी शौच, सहज उठणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, छातीत धडधड, यासाठीही हाच नियम.

बंद केल्यावर बाटली फेकू नका, उरलेल्या कॅप्सुली आणि पावतीसकट ठेवा. बॅच नंबर लागतो. डॉक्टरांना सांगा, आणि भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. तक्रार करायला खात्री असावी लागत नाही, शंका पुरते. फोन करताना वही समोर ठेवा. कधी सुरू केलं, किती घेतलं, सोबत काय चालू होतं, हेच तिथे विचारतात.